लिन झेशू : फौजदारी अधिकाराचा हरलेला दावा

चीनचे लिन झेशू इतिहासात ओळखले जातात ते अफूचे साठे नष्ट करणारे प्रशासक म्हणून. त्यांच्या कारकिर्दीतील दुसरा संघर्ष मात्र तितकाच दूरगामी ठरला. चीनच्या भूमीवर गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्याय कोणी करायचा, हा त्या संघर्षाचा विषय होता.

फूजियान प्रांतात १७८५ साली एका सामान्य शिक्षकाच्या घरी जन्मलेले लिन १८११ मध्ये सर्वोच्च राजसेवा परीक्षा उत्तीर्ण झाले. सचोटीच्या बळावर ते प्रांताधिपतीच्या पदापर्यंत पोहोचले. मार्च १८३९ मध्ये सम्राटांचे विशेष आयुक्त म्हणून ते कँटनला आले. ब्रिटिश व्यापार अधीक्षक चार्ल्स इलियट यांच्याकडून त्यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली आणि जूनमध्ये ती मीठ व चुना मिसळलेल्या पाण्यात विरघळवून समुद्रात सोडून दिली. कँटनच्या बाजारात येणारी ही अफू बंगालमधून कोलकात्यामार्गे आणि माळव्यातून मुंबईमार्गे येत असे.

जुलै १८३९ मध्ये काउलून येथे ब्रिटिश खलाशांच्या मारहाणीत लिन वेइशी हा गावकरी मरण पावला. चिंग कायद्यानुसार परकीयही चिनी न्यायासनाच्या कक्षेत येत असत. त्या आधारे लिन यांनी आरोपीचा ताबा मागितला. इलियट यांनी नकार दिला, मृताच्या कुटुंबाला भरपाई दिली आणि एका जहाजावर स्वतःच न्यायालय भरवले. पाच खलाशांना दंड व अल्प कैद झाली. पण हत्येसाठी कोणीही दोषी ठरला नाही. इलियट यांना असा अधिकारच नसल्याने इंग्लंडमध्ये पोहोचताच ते पाचही जण सुटले.

लिन केवळ हट्टाने वागत नव्हते. युरोपीय न्यायविद वातेल यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथातील काही उतारे त्यांनी चिनी भाषेत करवून घेतले होते. तथापि निर्णय युद्धनौकांनी दिला. ब्रिटिश आरमार उत्तरेकडे सरकताच सम्राटांनी १८४० मध्ये लिन यांना पदच्युत केले आणि पुढे दूर पश्चिमेकडील इली येथे हद्दपार केले. खलाशी मोकळे झाले. शिक्षा भोगली ती त्यांचा ताबा मागणाऱ्याने.

नानजिंग तहानंतर १८४३ च्या पूरक व्यवस्थेने ब्रिटिश आरोपींना ब्रिटिश वाणिज्यदूतांच्या स्वाधीन केले. १८४४ मध्ये अमेरिकेने हाच अधिकार अधिक स्पष्ट शब्दांत मिळवला. लिन यांना पुढे माफी मिळाली, पदेही मिळाली. १८५० मध्ये नव्या कामगिरीवर जाताना वाटेतच त्यांचे निधन झाले. ब्रिटन व अमेरिका यांनी हा अधिकार सोडला तो जानेवारी १९४३ मध्ये.

प्रश्न मात्र संपला नाही. २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार ठार झाले. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये त्या सैनिकांना भारतीय खटल्यापासून संरक्षण असल्याचा निर्णय दिला. दहा कोटी रुपयांच्या भरपाईनंतर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. निकालाने अनेकांचे समाधान झाले नाही. पण भारताला आपली बाजू मांडण्यासाठी उभयमान्य न्यायपीठ तरी होते. लिन यांच्यासमोर तोफांखेरीज दुसरे न्यायपीठ नव्हते.