राजा परांजपे
राजा परांजपे, ऊर्फ राजाभाऊ परांजपे (२४ एप्रिल, इ.स. १९१०, मिरज - ९ फेब्रुवारी, इ.स. १९७९) हे मराठी चित्रपटदिग्दर्शक व अभिनेते होते. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे' यांसारख्या विनोदी चित्रपटांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. तथापि गुन्हा, संशय आणि रहस्य यांवर आधारलेला चित्रपट मराठीत प्रतिष्ठित करण्याचे श्रेयही प्रामुख्याने त्यांच्याकडेच जाते, आणि त्यांच्या कार्याचा हा भाग तुलनेने कमी चर्चिला गेला आहे.

कारकिर्दीचा आरंभ

राजाभाऊंनी प्रथम नट म्हणून उमेदवारी केली. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत त्यांची जडणघडण झाली. 'जिवाचा सखा' (१९४८) या चित्रपटापासून गीतकार-लेखक ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्याशी त्यांचे सूर जुळले. 'पुढचं पाऊल' (१९५०) मध्ये पु. ल. देशपांडे प्रमुख भूमिकेत होते. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे दोन चित्रपट एकाच वर्षी आले. पहिल्यात ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची पैज आहे, तर दुसऱ्यात वेडा कोण आणि शहाणा कोण हा प्रश्न आहे. दोन्हींत हसता हसता प्रेक्षक अस्वस्थ होतो. 'ऊन पाऊस' (१९५४) मध्ये वृद्धापकाळी मुलांच्या संसारात वाटले गेलेले शिक्षक व त्यांची पत्नी यांची कथा आली. राजाभाऊंनी रंगवलेले मास्तर आजही अनेकांच्या स्मरणात आहेत.

रहस्यपटांकडे

'जगाच्या पाठीवर' (१९६०) पासून त्यांच्या चित्रपटांतील सावल्या गडद होत गेल्या. 'हा माझा मार्ग एकला' (१९६३) मध्ये मद्याच्या आहारी गेलेल्या एकाकी माणसाची भूमिका त्यांनी स्वतः केली. त्या माणसाचे एका लहान मुलाशी जडलेले नाते हा चित्रपटाचा गाभा होय. मुलाच्या भूमिकेतून सचिन पिळगांवकर प्रथमच पडद्यावर आले.

त्यानंतर आला 'पाठलाग' (१९६४). जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता. एका नामांकित वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. काही काळाने पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतील एका स्त्रीला पकडतात. तिचा चेहरा हुबेहूब त्या मृत पत्नीचा असून, आपणच ती पत्नी आहोत असे ती न्यायालयात सांगते. दोघांनाच ठाऊक असावीत अशी गुपितेही तिला ठाऊक आहेत. वकील तिची उलटतपासणी घेतो आणि प्रत्येक उत्तरागणिक त्याचाच विश्वास डळमळू लागतो. (उलगडा येथे देण्याचे टाळले आहे, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा आनंद हिरावणे योग्य नव्हे.) काशीनाथ घाणेकर आणि भावना यांनी प्रमुख भूमिका केल्या, गीते माडगूळकरांची होती, तर संगीत दत्ता डावजेकर यांचे होते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

या कथेचे सामर्थ्य खून किंवा दरोडा यांत नाही. ज्या पत्नीला स्वतः अग्नी दिला, तीच समोर उभी आहे असे मानायचे की आपली दृष्टी आपल्याला फसवते आहे असे समजायचे, या पेचात ते आहे. एका बाजूला कायद्याचा पुरावा, दुसऱ्या बाजूला सहवासाची खूण, असा हा सामना असून कृष्णधवल छायाचित्रणामुळे त्याला विलक्षण धार येते.

तमिळमध्ये 'इदय कमलम्' (१९६५) आणि हिंदीत राज खोसला दिग्दर्शित 'मेरा साया' (१९६६) या नावांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आली. हिंदी आवृत्ती रंगीत होती, तिच्यात उदयपूरचे वैभव आणि गाजलेली गाणी होती. त्यामुळे मूळ मराठी चित्रपटाचा अनेकांना विसर पडला.

समकालीन संदर्भ

त्याच सुमारास जपानमध्ये गुन्हेपट ही भरभराटीला आलेली चित्रशाखा होती. अकिरा कुरोसावा यांनी 'स्ट्रे डॉग' (१९४९) मध्ये चोरीला गेलेल्या पिस्तुलाचा आणि 'हाय अँड लो' (१९६३) मध्ये मुलाच्या अपहरणाचा विषय हाताळला होता. निक्कात्सु व तोएई या चित्रसंस्था तर टोळीयुद्धांचे चित्रपट सातत्याने काढीत. मराठीत अशी परंपरा रुजली नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथांचा फडशा पाडणारा वाचक येथे होता, पण चित्रपटाची बाजारपेठ लहान होती आणि मुंबईतच तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटाशी गाठ होती. अशा स्थितीत तमाशापट वा कौटुंबिक चित्रपटाचा हमखास मार्ग सोडणे धाडसाचे होते. राजाभाऊंनी ते केले आणि पुढच्याच वर्षी 'पडछाया' (१९६५) काढला. 'गुरुकिल्ली' (१९६६) मध्ये मात्र ते पुन्हा विनोदाकडे वळले.

अभिनय व शिष्यपरंपरा

बिमल रॉय यांच्या 'बंदिनी' (१९६३) या हिंदी चित्रपटात त्यांनी नायिकेच्या पोस्टमास्तर वडिलांची भूमिका केली. भूमिका लहान आहे, परंतु मुलीच्या बदनामीने आतून खचणारा हा बाप त्यांनी जवळजवळ न बोलता उभा केला. पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आलेले राजा ठाकूर व राजदत्त हे दिग्दर्शक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पुण्यातील राजा परांजपे प्रतिष्ठान त्यांच्या नावाने पुरस्कार देते.