डॉ. आंबेडकरांचे विद्यार्जन : शिष्यवृत्तीचे आणि पदरमोडीचे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे समग्र चरित्र सांगावयाचे तर ही स्मरणिका अपुरी पडेल. आम्ही येथे त्यांच्या विद्यार्थिदशेचाच विचार करणार आहोत. परदेशी विद्यापीठांकडून पीएच.डी.साठी आलेली दोन-दोन प्रवेशपत्रे पुढ्यात घेऊन बसलेली मुले-मुली हल्ली आपल्या सभासदांच्या घरांतही आढळतात. एका पत्रात फी माफ व विद्यावेतन, तर दुसऱ्यात नुसता प्रवेश. आणि नाव मोठे असते ते नेमके दुसऱ्याचे! बाबासाहेबांनी हे दोन्ही प्रकार अनुभवले होते.

१९१२ साली ते बी. ए. झाले आणि १९१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे वडील सुभेदार रामजी निवर्तले. घरी द्रव्यबळ नव्हते. अशा समयी बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता देऊन त्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. मात्र शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करीन, असा करार त्यांना लिहून द्यावा लागला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. तेथे अभ्यास ऐन रंगात असता शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ त त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची अनुज्ञा लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. हा त्यांचा धोरणीपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

करारास जागून ते बडोद्यास रुजू झाले. परंतु एवढ्या विद्वान पुरुषास अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहावयास जागा मिळेना! एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. हे लिहिताना आमची मान खाली जाते. शिष्यवृत्तीचा करार त्यांच्याकडून मोडला नाही; समाजाने तो पाळू दिला नाही.

पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसा बाजूस टाकला, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साह्य घेतले, मित्र नवल भथेना यांजकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले, आणि १९२० मध्ये ते पुनश्च लंडनला गेले. म्हणजे पदरमोडीचा मार्ग त्यांनी पत्करला तो गाठीशी काही जमवून, आणि कर्ज कोणाचे व किती हे ठाऊक असता. केवळ प्रवेश मिळाला एवढ्यावर राहते घर गहाण टाकण्यास निघालेल्या पालकांनी ही तीन वर्षे जरूर ध्यानात घ्यावी. तेथे ते पोटास चिमटा घेऊन दिवसदिवस ग्रंथालयात बसत. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. डी. एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्या, तोच पैसा संपला, व १९२३ च्या एप्रिलात मुंबई गाठावी लागली. दुरुस्त्या मुंबईहून गेल्या आणि त्याच वर्षी पदवी मिळाली.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र शिष्यवृत्तीची असूनही अडली होती. प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्यावाचून पदवी देत नसत. प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, आणि १९२७ मध्ये ती पदवी त्यांच्या नावे झाली.