पिवळ्या गळ्याची चिमणी

डॉ. सलीम अली यांचे नाव घेतले, की गळ्यात दुर्बीण अडकवून रानोमाळ भटकणारे एक सडपातळ वृद्ध गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. पक्ष्यांवर त्यांच्याइतके प्रेम करणारा माणूस आपल्या देशात क्वचितच झाला असेल. पण या पक्षिमित्राचा पक्ष्यांशी पहिला परिचय झाला तो स्वयंपाकघराच्या दारात आणि छर्ऱ्याच्या बंदुकीमुळे! हे कसे घडले, ते पाहू या.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. त्यांचे पूर्ण नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना आपल्या खेतवाडीच्या घरी आणले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले.

त्या काळी बाजारात तितर आणि लावे जिवंत विकायला येत. खेतवाडीच्या घरीही ते जेवणासाठी आणले जात. छोटा सलीम त्यांच्याभोवती घुटमळत राही. त्यांतले एखाद-दुसरे पाखरू तो हट्टाने मागून घेई आणि खोक्याला जाळी लावून केलेल्या पिंजऱ्यात ठेवी. अशी काही पाखरे पातेल्यात जाण्यापासून वाचली. उरलेली घरच्यांच्या पानात पडली. सलीमलाही त्यात वावगे वाटत नसे. पाखरू पाळावे, पाखरू खावे आणि पाखरू मारावे, या तिन्ही गोष्टी त्याच्या मनात एकत्र नांदत होत्या.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळी शिकार हा मर्दानी खेळ समजला जाई. राजेमहाराजे, इंग्रज अधिकारी आणि सुखवस्तू लोक मोठ्या अभिमानाने शिकारीला जात. मामांनी सलीमला छर्ऱ्याची एक छोटी बंदूक आणून दिली. मग काय विचारता! मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचे, असे स्वप्न तो पाहू लागला आणि घराच्या आसपासच्या चिमण्या टिपू लागला.

दहा वर्षांचा असताना त्याने केलेली एक नोंद प्रसिद्ध आहे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर एका खुंटीवर राखण करी. सलीमने आडोशाला लपून तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीला दुसरा नर मिळाला. सलीमने त्यालाही टिपले. असे सात दिवसांत त्याने आठ नर मारले, पण दर वेळी नवा नर त्या खुंटीवर येऊन बसे. त्याने हे सारे वहीत लिहून ठेवले. आज ही गोष्ट वाचताना आपल्याला त्या आठ चिमण्यांची दया येते. पण त्याच नोंदीत पुढच्या शास्त्रज्ञाची चाहूलही लागते. मारणाऱ्या हाताला थांबून पाहण्याची आणि लिहिण्याची सवय लागत होती.

अशातच एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो काय, तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका! अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. तो विचारात पडला. घरी खाण्यापिण्याचे धार्मिक नियम काटेकोरपणे पाळले जात. काय हलाल आणि काय हराम, याबद्दल घरातील वडीलधारी माणसे दक्ष असत. साधी चिमणी खाल्लेली चालते. पण ही वेगळीच दिसते. ही खावी की खाऊ नये? त्याने ती चिमणी मामांपुढे नेऊन ठेवली.

मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी मुलाला रागावून वाटेला लावले नाही, की अंदाजाने काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली नाही. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ नावाची संस्था होती. प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेचे मामा सभासद होते. त्यांनी संस्थेचे चिटणीस मिलार्ड साहेब यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून सलीमच्या हातात दिली.

त्या काळी गोऱ्या साहेबाच्या कचेरीत जायचे म्हणजे थोरामोठ्यांच्याही छातीत धडधड होई. सलीम तर शाळकरी पोर. कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन तो बिचकत बिचकत आत गेला. मिलार्ड साहेबांनी त्याला प्रेमाने जवळ बसवले. चिमणी पाहताच त्यांनी ती ओळखली. ती पिवळ्या गळ्याची रानातील चिमणी होती. मग त्यांनी एकेक कप्पा उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. केवळ चिमण्यांचेच किती प्रकार! सलीम थक्क होऊन पाहत राहिला. साहेबांनी त्याला पक्ष्यांची पुस्तके वाचायला दिली, नोंदी कशा ठेवाव्यात हे सांगितले आणि पुन्हा येण्याचे निमंत्रणही दिले. ही चिमणी खाण्याजोगी आहे का, असा प्रश्न घेऊन निघालेला मुलगा हिचे नाव काय, ती राहते कुठे, घरटे कसे बांधते, असे नवे प्रश्न घेऊन घरी परतला.

यानंतर सलीम यांचा मार्ग सरळ आणि सोपा झाला असे मात्र नाही. १९१३ साली ते मॅट्रिक झाले. पुढे भावाच्या व्यवसायाला मदत करण्यासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तेथे धंद्यापेक्षा जंगलातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक असे. मुंबईला परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना नोकरी मिळाली. त्या वस्तुसंग्रहालयाला आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. पुढे जर्मनीला जाऊन त्यांनी बर्लिन येथे प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे घेतले. पण १९३० साली ते परत आले, तेव्हा पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती!

नोकरी नाही, जवळ पैसा नाही. तेव्हा हे पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या गावी समुद्रकाठच्या एका लहानशा घरात राहायला गेले. पावसाळ्याचे दिवस होते. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास लपून बसत आणि त्या पक्ष्यांचे निरीक्षण करत. या वेळी हातात बंदूक नव्हती. त्यांना दिसले, की घरटे विणण्याचे काम नर करतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते पाहून जाते. तिला ते पसंत पडले तर ती तेथे राहते. मग नर घरटे पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो. अंडी उबवण्याचे काम मादी एकटीच करते. ही माहिती तोपर्यंत नीट कोणी मांडलेली नव्हती. १९३१ साली त्यांचा हा लेख प्रसिद्ध झाला आणि बेकार म्हणून किहीमला गेलेल्या या माणसाकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले.

नंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. मला पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, असे सांगून त्यांनी ही कामे पत्करली. तेहमिना बेगम तंबूत राहून त्यांना साथ देत. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव फार मोठा होता, पण सलीम अलींनी काम सोडले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे १९६८ ते १९७४ या काळात, डिलन रिप्ले या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांची माहिती देणारा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला.

आता एक प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पक्ष्यांवर एवढे प्रेम करणाऱ्या सलीम अलींनी पुढे पक्षी मारणे पूर्णपणे सोडले का? याचे उत्तर त्यांनी कधी लपवले नाही. त्या काळी पक्ष्यांच्या जाती-पोटजाती ठरवण्यासाठी नमुने गोळा करावे लागत. अभ्यासासाठी त्यांनी हजारो पक्षी टिपले, आणि त्याची खंतही त्यांना वाटे. ते शाकाहाराचे प्रचारक नव्हते. कोणी काय खावे, याचा उपदेश करणे हे त्यांनी आपले काम मानले नाही. मात्र कारणावाचून जीव घेणे त्यांना मुळीच सहन होत नसे. गरजेपुरते घेणे वेगळे आणि केवळ मौजेसाठी किंवा मोठेपणा मिरवण्यासाठी मारणे वेगळे, हा फरक त्यांच्या मनात पक्का होता.

मौजेची शिकार कोणत्या थराला जाते, याचे उदाहरण राजस्थानातील भरतपूर येथे घडले होते. तेथील पाणथळ जागेत हिवाळ्यात दूरदेशीची हजारो बदके उतरत. महाराजा तेथे पाहुण्यांसाठी शिकारीचे समारंभ करत. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर हे तळे आटवून तेथे शेती करावी, अशी मागणी पुढे आली. पाणी गेले असते तर बंदुकीवाचूनच सारे पक्षी संपले असते. सलीम अलींनी ही गोष्ट पंतप्रधान पंडित नेहरूंच्या कानांवर घातली आणि तळे वाचले. पुढे तेथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले. १९८५ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

पण रक्षणाचे कामही सोपे नसते. १९८२ साली या उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. सलीम अलींचाही या बंदीला पाठिंबा होता. आसपासच्या गावकऱ्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत आली होती. ते चिडले, पोलिसांशी संघर्ष झाला आणि काही गावकरी प्राणास मुकले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच अनेक वर्षे अभ्यास केला. म्हशी चरायच्या बंद झाल्यावर गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पक्ष्यांचीच अडचण झाली, असे त्यात आढळून आले. ज्या संस्थेचे ते आधारस्तंभ होते, तिने हा निष्कर्ष झाकून ठेवला नाही. माणूस, गुरे आणि पाखरे यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, हे यावरून कळते.

बिहारमध्ये मीरशिकार नावाचे लोक आहेत. पक्षी पकडणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पक्ष्यांना इजा न करता पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पूर्वी त्यांनी पकडलेली पाखरे बाजारात विकली जात. सोसायटीने यांतील काही जणांना आपल्या कामात घेतले. ते पक्षी पकडून देत. त्यांच्या पायात क्रमांक असलेली हलकी कडी घालून त्यांना पुन्हा आकाशात सोडले जाई. असा पक्षी दूर कोठे सापडला, की त्याच्या प्रवासाचा पत्ता लागे. ज्या जाळ्यातून पाखरू पूर्वी बाजारात जाई, त्याच जाळ्यातून ते आता मोकळे होऊ लागले. त्या कसबी लोकांची कलाही टिकली आणि पोटही भरले.

महाराष्ट्राच्या माळरानावर माळढोक नावाचा एक भारदस्त पक्षी राहत असे. मांसासाठी झालेली शिकार आणि नांगराखाली गेलेली माळराने, यांमुळे तो झपाट्याने कमी झाला. त्याच्याकडे देशाचे लक्ष जावे, म्हणून त्याला राष्ट्रीय पक्षी करावे, असे सलीम अलींनी सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. पुढे सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकसाठी अभयारण्य झाले. तरीही आज देशात हे पक्षी फारच थोडे उरले आहेत. सलीम अलींची काळजी किती खरी होती, हे यावरून दिसते.

त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. निसर्गरक्षणासाठी मिळालेल्या आंतरराष्ट्रीय बक्षिसाची मोठी रक्कम त्यांनी सोसायटीच्या कामासाठी देऊन टाकली. १९८५ साली राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेचे सभासद नेमले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नावही एका चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवलेले आहे. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. रानातील तितर आणि लावे मारणे किंवा विकणे हा आता गुन्हा आहे. पण केवळ कायद्याने पाखरे वाचत नाहीत. आपल्या पानात काय येते, ते कोठून येते आणि त्यासाठी काय नाहीसे होते, हे विचारणारी माणसेही लागतात. शाकाहारी असो वा मांसाहारी, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारता येण्याजोगा आहे. मुंबईतल्या एका मुलाने तो एका छोट्याशा चिमणीबद्दल विचारला, म्हणून साऱ्या देशातील पक्ष्यांना एक जिवाभावाचा मित्र मिळाला.