डोंगरातील गाण्यांचा राखणदार

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेचियन नावाची पर्वतरांग आहे. उन्हाळा आला की तेथे शनिवार-रविवार गाठून ठिकठिकाणी माळावर तंबू उभे राहतात. आजोबा आणि नातवंडे आपापली वाद्ये घेऊन येतात. तंबूसमोर बसून जुन्या चाली वाजवाव्यात, शेजाऱ्याकडून एखादी नवी शिकावी, रात्री जोडीने नाचावे, एवढाच तेथील कार्यक्रम. अशा मेळाव्यांना आज जी प्रतिष्ठा आहे, ती मिळवून देण्यासाठी ज्यांनी जन्मभर परिश्रम केले, त्यांपैकी एक म्हणजे बॅस्कम लमार लन्सफर्ड.

त्यांचा जन्म २१ मार्च १८८२ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मार्स हिल या गावी झाला. वडील शिक्षक होते. बालपणीच बॅस्कम यांच्या हाती फिडल, म्हणजे लोकधाटणीने वाजविले जाणारे व्हायोलिन आले. पुढे ते बँजोही शिकले. हा बँजो आपल्याकडील पट्ट्यांच्या बँजोहून निराळा. त्याच्या गोल तोंडावर कातडे मढविलेले असते व तारा बोटांनी छेडतात.

मोठेपणी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, फळझाडांची कलमे विकली आणि वकिलीची सनदही मिळविली. कलमे विकण्याच्या निमित्ताने ते दऱ्याखोऱ्यांतून हिंडत. तेथील घरांतून वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडून जी गाणी कानी पडत, ती ते मुखोद्गत करीत. उत्पन्न बेताचे होते. पण गाण्यांचा साठा वाढत होता.

त्या काळी शहरातील लोक डोंगरातील माणसाला गावंढळ समजून त्याची टवाळी करीत. लन्सफर्ड यांना ही गोष्ट फार लागे. म्हणून ते स्वतः स्वच्छ पांढरा सदरा व टाय अशा नीटनेटक्या वेषात गात, आणि आपल्या कलावंतांनीही विदूषकी सोंग आणू नये, असा त्यांचा कटाक्ष असे.

१९२८ साली अ‍ॅशव्हिल शहरात रोडोडेंड्रॉन फुलांचा उत्सव भरला. त्यासाठी डोंगरी गायक, वादक व नर्तक जमविण्याचे काम त्यांच्याकडे आले. ज्यांचे गाणे ओसरीपलीकडे कधी गेले नव्हते, ती माणसे हजारो प्रेक्षकांसमोर उभी राहिली. १९३० पासून हा कार्यक्रम स्वतंत्र महोत्सव झाला. त्याच्या प्रारंभाला घड्याळाची वेळ नसे; सूर्य मावळतीला लागला की फिडल वाजू लागे. १९३९ साली तर लन्सफर्ड व सोको गॅपची नृत्यमंडळी यांनी व्हाइट हाउसमध्ये इंग्लंडच्या राजाराणीसमोर आपली कला सादर केली.

त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. १९३५ साली कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी ३०० हून अधिक गाणी व चाली ध्वनिमुद्रित केल्या. १९४९ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी पुन्हा असेच काम केले. त्यामुळे कितीतरी वृद्धांबरोबर लुप्त होणारे धन वाचले.

मात्र चरित्र सांगताना उणीव झाकू नये. बँजोचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडे आहे. तरीही लन्सफर्ड यांच्या महोत्सवात कृष्णवर्णीय कलावंतांना त्यांच्या हक्काचे स्थान मिळाले नाही. स्वतःच्या लोकांची अवहेलना ज्यांना इतकी सलली, त्यांनाही दुसऱ्यांवरील अन्याय पुरता दिसला नाही.

१९६५ साली त्यांना गंभीर आजार झाला आणि ४ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा महोत्सव मात्र मागे उरला, आणि अमेरिकेतील सर्वांत जुन्या लोकसंगीत महोत्सवांत त्याची गणना होते.

मित्रांनो, लन्सफर्ड यांनी नवे असे फारसे काही निर्माण केले नाही. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, आणि जे ऐकले ते आदराने पुढे दिले. आपल्या घरीही एखादी आजी स्वयंपाक करता करता काही गुणगुणत असेल. तिच्याजवळ घटकाभर बसा आणि ते गाणे वहीत उतरवून घ्या.