मॉरिस गॅटसोनाइड्स : वेगाला लगाम घालणारा वेगवेडा

सिग्नल तोडला की मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज येतो, हे आता मुलांनाही ठाऊक आहे. पण चौकात पोलीस नसताना चूक टिपणाऱ्या या कॅमेऱ्यामागे कोण होतं? गंमत म्हणजे, तो होता वेगाने गाडी पळवणारा एक रॅलीपटू!

मॉरिस गॅटसोनाइड्स यांचा जन्म १९११ साली जावा बेटावरील गोंबोंग या गावी झाला. जावावर तेव्हा डच राज्य होतं. पुढे ते नेदरलँड्समध्ये राहिले. गाड्यांचं वेड इतकं, की दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी 'गॅट्सो' नावाच्या स्वतःच्या गाड्याही बनवल्या. तो धंदा काही चालला नाही. पण ते खचले नाहीत. १९५३ साली त्यांनी फोर्ड झेफिर गाडीतून, पीटर वॉर्लेज या सहचालकासोबत, प्रसिद्ध माँटे कार्लो रॅली जिंकली.

वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगात जाते, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. हातातल्या स्टॉपवॉचवर भरवसा कसा ठेवायचा? बोट जरा उशिरा दाबलं गेलं की हिशेब चुकला! म्हणून त्यांनी रस्त्यावर ठरावीक अंतरावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकल्या. पहिल्या नळीवरून चाक गेलं की घड्याळ सुरू, दुसरीवरून गेलं की बंद. समजा, १० मीटर अंतर अर्ध्या सेकंदात पार झालं, तर वेग ताशी ७२ किलोमीटर. सातवीचं गणित, नाही का? स्वतःचा वेग वाढवण्यासाठी केलेलं हे यंत्र इतरांचा वेग आवरायला कामी येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९५८ साली त्यांनी 'गॅट्सोमीटर' कंपनी काढली.

१९६५ च्या सुमारास याच नळ्यांच्या युक्तीतून लाल दिव्याचा कॅमेरा आला. दिवा लाल असतानाच यंत्र जागं होतं. तेव्हा कुणी रेषा ओलांडली, की फोटो निघतो. पुढे नळ्यांच्या जागी रस्त्यात पुरलेली तारांची वेटोळी आली. सहसा दोन फोटो घेतात : एक रेषेजवळचा, दुसरा चौकातला. त्यांत लाल दिवा, नंबर प्लेट आणि वेळ दिसते. मग 'मी नव्हतोच' म्हणायला जागा उरत नाही.

याचा उपयोग काय? बाजूने येणारी गाडी धडकण्याचे जीवघेणे अपघात कमी होतात. मात्र कॅमेरा पाहून कुणी अचानक ब्रेक मारला, तर मागची गाडी आदळू शकते. म्हणून पिवळ्या दिव्याचा वेळ पुरेसा हवा आणि चालकाने अंतर राखायला हवं. नुसता कॅमेरा लावून भागत नाही.

गॅटसोनाइड्स १९९८ साली वारले. वेगाची आवड त्यांना शेवटपर्यंत होती, आणि आपल्याच कॅमेऱ्यात आपणही सापडतो हे ते मोकळेपणाने सांगत. कॅमेऱ्याला त्याच्या जन्मदात्याचीही ओळख नसते. नियम असा सगळ्यांना सारखा हवा.

पालकहो, कॅमेरा सगळ्या चौकांत नसतो. मागच्या सीटवर बसलेलं आपलं लेकरू मात्र सगळं बघत असतं. रिकाम्या चौकात लाल दिव्याला आपण थांबलो, तर वेगळा धडा शिकवावा लागणार नाही.