कागदावरून पडद्याकडे : सत्यजित राय यांची वाटचाल

पहिली पटकथा लिहून हातावेगळी झाली की ती कुणाला दाखवावी, असा प्रश्न चित्रपटसृष्टीच्या उंबरठ्यावरील प्रत्येक नवोदित लेखकापुढे उभा राहतो. निर्माते भेटत नाहीत, भेटले तर वाचत नाहीत आणि वाचले तर बदल सुचवतात. जागतिक कीर्तीचे दिग्दर्शक सत्यजित राय यांनाही या तिन्ही अनुभवांतून जावे लागले होते.

राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कोलकात्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर आणि वडील सुकुमार हे बंगाली बालसाहित्यातील मानाचे लेखक. सत्यजित अवघे दोन वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि आई सुप्रभा यांनी त्यांना वाढवले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील शिक्षणानंतर शांतिनिकेतनात त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत दरमहा ८० रुपयांवर ते रुजू झाले. सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठे करताना बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती त्यांच्याकडे सजावटीला आली. या कादंबरीत चित्रपट दडला आहे, हे त्यांनी तेव्हाच हेरले.

पटकथालेखन त्यांना कुणी शिकवले नाही. एखाद्या कादंबरीवर चित्रपट येणार असल्याची घोषणा झाली की ते स्वतः तिची पटकथा लिहीत आणि पुढे पडद्यावर आलेल्या चित्रपटाशी ती ताडून पाहत. १९४७ मध्ये मित्रांसमवेत स्थापन केलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीमुळे विदेशी चित्रपट पाहण्याची संधीही मिळाली.

याच काळात रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीवर त्यांनी संपूर्ण पटकथा लिहिली. हरिसाधन दासगुप्ता ती दिग्दर्शित करणार होते. निर्माता मिळाला, करारही झाला. मात्र निर्मात्याने बदल सुचवताच राय यांनी ठाम नकार दिला आणि चित्रपट बारगळला. बऱ्याच वर्षांनी ती संहिता पुन्हा वाचल्यावर त्यांना ती उथळ वाटली आणि चित्रपट निघाला नाही हेच बरे झाले, असे त्यांचे मत बनले. ‘घरे बाइरे’ अखेर १९८४ मध्ये पडद्यावर आला, तो नव्या पटकथेवर.

दुसऱ्या वेळी त्यांनी वाट बदलली. १९५० मध्ये कार्यालयीन कामानिमित्त लंडनला गेले असता त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांतील ‘बायसिकल थीव्हज’ने अव्यावसायिक कलावंत आणि प्रत्यक्ष स्थळे यांच्या बळावर चित्रपट उभा राहू शकतो, हा विश्वास दिला. ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी रूढ पद्धतीची पटकथा लिहिलीच नाही. कथेचा आराखडा आणि प्रमुख प्रसंगांची रेखाटने असलेली एक वही, एवढाच ऐवज घेऊन ते निर्मात्यांचे उंबरे झिजवू लागले. गाणी नाहीत, नावाजलेले नट नाहीत, दिग्दर्शक नवखा; वहीचे कौतुक झाले, पैसे कुणी दिले नाहीत.

तेव्हा राय यांनी निर्मात्याची वाट पाहणे सोडले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या रानात चित्रीकरणाला प्रारंभ केला. पुढच्या रविवारी परतले तो गुरांनी सारी फुले फस्त केली होती! त्या दृश्यासाठी पुढील हंगामापर्यंत थांबावे लागले. पत्नी बिजोया यांचे दागिनेही गहाण पडले. तरीही हातातली ही अपुरी चित्रफीतच वहीपेक्षा प्रभावी ठरली. आईच्या ओळखीतून मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्यापर्यंत विषय पोहोचला आणि राज्य सरकारने अर्थसाह्य दिले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे मन्रो व्हीलर यांनी चित्रपटाची छायाचित्रे पाहून तो मागवला, तर दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी अपुरा भाग पाहून अनुकूल मत कळवले. मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कला, तर २६ ऑगस्टला कोलकात्यात तो झळकला. पुढच्या वर्षी कान महोत्सवाने त्याला सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरविले.

पटकथा फार जणांपर्यंत पोहोचण्याचाही धोका असतो, हे राय यांना १९६७ मध्ये उमगले. आपल्याच एका कथेवरून त्यांनी ‘द एलियन’ ही इंग्रजी पटकथा लिहिली. कोलंबिया कंपनीने रस दाखवला, पीटर सेलर्सशी बोलणी झाली. पण हॉलिवूडमध्ये पोहोचल्यावर संहितेच्या चक्रमुद्रित प्रती आधीच फिरत असल्याचे आणि त्यांवर स्वामित्वहक्कात मध्यस्थ माइक विल्सन यांचेही नाव असल्याचे त्यांना आढळले. चित्रपट झालाच नाही. १९८२ मध्ये ‘ई.टी.’ आल्यावर दोहोंतील साम्याची चर्चा झाली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ते आरोप फेटाळले.

२३ एप्रिल १९९२ रोजी राय यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मानद ऑस्कर आणि भारतरत्न हे सन्मान लाभले होते. आज मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंदणी करता येते; प्रत कुणाच्याही हाती देण्यापूर्वी नवोदितांनी ती करून घेणे शहाणपणाचे. मात्र नोंदणीने हक्क राखला जातो, दार उघडत नाही. राय यांच्यासाठी ते उघडले, ते स्वतःच्या खर्चाने टिपलेल्या मोजक्या दृश्यांनी.