‘मरुत्सखा’चे माप कोणाकडे?

जुन्या विमानाची प्रतिकृती करू पाहणाऱ्या हौशी कारागिराला लाकडी पट्ट्या आणि सरस यांच्याही आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मूळ विमानाचे माप. राइट बंधूंचे १९०३चे ‘फ्लायर’ एकास सोळा या प्रमाणात करायचे, तर १२.३ मीटरचा पंखविस्तार सुमारे ७७ सेंटिमीटरवर येतो. मूळ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जपले असल्याने शंका आली तर ताडून पाहता येते. आपल्या मुंबईचे विमान घडवावे, असे मराठी कारागिराच्या मनात आले, तर मात्र त्याला पहिल्याच पायरीवर थांबावे लागते. शिवकर बापूजी तळपदे यांच्या ‘मरुत्सखा’चा विश्वासार्ह मूळ आराखडाच हाती नाही.

तळपदे यांचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. ते अकरा वर्षांचे असताना, १८७५ मध्ये, स्वामी दयानंद सरस्वतींनी याच शहरात आर्य समाजाची स्थापना केली. वेदांत विमानविद्येचे संकेत आहेत, हा दयानंदांचा अर्थ पुढे तळपदे यांच्या आयुष्याची दिशा ठरविणारा ठरला. जे. जे. कलाशाळेतील अध्यापन आणि संस्कृत ग्रंथांचे वाचन यांतून त्यांचा ध्यास वाढत गेला. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे त्यांचे मराठी पुस्तक त्याच ध्यासाचे फळ होय.

त्यांच्याविषयीची प्रसिद्ध कथा १८९५ची आहे. त्या वर्षी गिरगाव चौपाटीवर त्यांचे मानवरहित विमान पंधराशे फूट उंच उडाले, ते पाहावयास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे उपस्थित होते, असे सांगितले जाते. कोणी बांबूच्या सांगाड्याचे वर्णन करतो, कोणी पाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राचे. या उड्डाणाचा एकही विश्वसनीय समकालीन वृत्तांत मात्र मिळालेला नाही. एवढी मोठी माणसे चौपाटीवर जमली असतील, तर त्या काळच्या मुंबईत त्याचा गाजावाजा न होणे नवलाचेच म्हणावे लागेल.

त्याच सुमारास अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांनी असाच प्रयोग केला. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर त्यांचे वाफेच्या इंजिनावरील मानवरहित यंत्र सुमारे एक हजार मीटर उडाले. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेथे हजर होते आणि त्यांनी त्याचे छायाचित्रही घेतले. ते यंत्र आजही संग्रहालयात आहे. मानवरहित विमान त्या काळी अशक्य कोटीतील नव्हते, एवढे यावरून नक्की कळते. तळपदे यांच्या बाजूने नाही ती नोंद, छायाचित्र आणि यंत्राचा एखादा तुकडा.

अवशेषांबाबतही कथाच आहे. तळपदे यांच्या निधनानंतर घरच्यांनी ते रॅली ब्रदर्स या व्यापारी पेढीला विकले, असे सांगतात. पैशाअभावी त्यांचे काम थांबले, इंग्रज सरकारचा दबाव आला, अशाही हकिकती त्यांच्या नावाला चिकटल्या. पहिले महायुद्ध सुरू असतानाच त्यांची जीवनयात्रा संपली.

‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील चित्रांवरून प्रतिकृती करण्याचा मोह होऊ शकतो. तेथेही पंचाईत आहे. सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेल्या या ग्रंथातील आकृत्या १९२३ मध्ये, म्हणजे तळपदे यांच्या पश्चात, बंगळूरच्या एका आरेखकाने काढल्या. १९७४ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ग्रंथ तपासला. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडण्यायोग्य नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या आकृत्यांवरून मोठ्या कष्टाने केलेले विमान देखणे होईल; ते तळपदे यांचे असणार नाही.

२०१५ मध्ये तळपदे यांच्यावर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद पेटला. या साऱ्यात चित्रकलेचा हा शिक्षक बाजूलाच राहिला. चित्रपटातील यंत्र पडद्यासाठी घडविलेले होते. प्रतिकृतीकाराला तेवढेच पुरत असेल, तर त्याने खाली तळपदे यांचे नाव लिहावे. पण प्रमाणाचा आकडा लिहिण्याची जागा कोरीच ठेवावी लागेल.